घसा दुखतोय? मेडिकलवरून काय घ्यायचं, काय टाळायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

दिवाळी सरली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पहाटेचा गारवा वाढतो. रात्रीची लाईट असली की शेतकरी अंधारात पाणी भरायला निघतात, द्राक्षबागांमध्ये फवारण्या चालू असतात, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. याच दिवसांत घराघरांत एक तक्रार ऐकू येते, 'घसा धरलाय.'

मग नारायणगाव, मंचर, ओतूर किंवा घोडेगावच्या स्टँडजवळच्या मेडिकलवर जाऊन आपण म्हणतो, "दादा, घशाला काहीतरी द्या." त्या 'काहीतरी'मध्ये काय काय असू शकतं? त्यातलं कशाने खरंच आराम पडतो? आणि कोणतं औषध चिठ्ठीशिवाय घेणं महागात पडू शकतं? सविस्तर पाहूया.

थोडक्यात सांगायचं तर

- बहुतेक घसादुखी व्हायरसमुळे होते आणि आठवडाभरात आपोआप बरी होते.
- मेडिकलवरची औषधं दुखणं कमी करतात, आजार लवकर घालवत नाहीत.
- पॅरासिटामॉल, चघळायच्या गोळ्या आणि गुळण्या एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.
- अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड मनाने घ्यायचं नाही.
- ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ताप आहे, घसा खूप दुखतोय, पण सर्दी-खोकला नाही, तर डॉक्टरांना दाखवायचंच. इथे प्रश्न फक्त घशाचा नसतो, हृदयाचाही असतो.

घसा का दुखतो?

सर्वांत मोठं कारण म्हणजे सर्दीचे, फ्लूचे आणि कोविडचे व्हायरस. नाक वाहतंय, शिंका येतायत, खोकला आहे, आवाज बसलाय आणि घसाही दुखतोय, असं सगळं एकत्र असेल तर कारण बहुतेक वेळा व्हायरसच असतो. व्हायरसवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही.

दुसरं कारण बॅक्टेरिया. त्यात महत्त्वाचा 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस', बोलीभाषेत 'स्ट्रेप'. घसा दुखणाऱ्या १० मुलांपैकी साधारण ३ मुलांना आणि १० मोठ्या माणसांपैकी साधारण एकाला स्ट्रेपचा संसर्ग असतो. म्हणजे मुलांमध्येही बहुतेकांना तो नसतोच.

तिसरी कारणं आपल्या रोजच्या कामातली आहेत. चुलीचा धूर, कांदा भरताना उडणारी धूळ, बिडी-सिगारेट, मशेरी, रात्री जेवून लगेच आडवं झाल्यावर वर येणारं पित्त. यात घसा खवखवतो, पण ताप येत नाही. इथे गोळी चघळून तात्पुरतं बरं वाटेल, पण मूळ कारण हटवल्याशिवाय त्रास थांबणार नाही.

फवारणीनंतर घसा जळजळत असेल तर जरा जास्त लक्ष द्या. सोबत मळमळ, उलटी, तोंडाला खूप पाणी सुटणं, धूसर दिसणं किंवा धाप लागणं यातलं काही असेल, तर ती घसादुखी नाही, विषबाधा असू शकते. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.

'चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध' म्हणजे नेमकं कोणतं?

अमेरिका-ब्रिटनमध्ये विनाचिठ्ठी औषधांचा वेगळा कायदेशीर वर्ग आहे. आपल्याकडे औषध नियम १९४५ मध्ये उलट बाजूने विचार केलेला आहे. चिठ्ठी लागणारी औषधं 'शेड्यूल एच', 'एच-१' आणि 'एक्स' या याद्यांमध्ये टाकली आहेत. त्यात जे नाही, ते व्यवहारात चिठ्ठीशिवाय विकलं जातं.

याच नियमांत 'शेड्यूल के' नावाची एक यादी आहे आणि ती डोंगरी भागासाठी महत्त्वाची आहे. ज्या गावाची लोकसंख्या १००० पेक्षा जास्त नाही, तिथे काही 'घरगुती औषधं' विकायला परवाना लागत नाही. पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामक बाम आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या या यादीत येतात. अट अशी की औषध परवानाधारक कंपनीचं आणि मूळ, न फोडलेल्या पॅकिंगमधलंच हवं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या छोट्या गावांत किराणा दुकानात अशी औषधं दिसतात, त्यामागे ही तरतूद आहे.

पण दुकानात मिळतं म्हणजे ते सगळ्यांना चालतं, असा त्याचा अर्थ होत नाही. अ‍ॅस्पिरिनचंच पाहा. ते या यादीत असलं तरी १६ वर्षांखालच्या मुलांना ताप किंवा घसादुखीसाठी देऊ नये. त्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा 'रेय सिंड्रोम' हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

ओळखायचं कसं? स्ट्रिप उलटी करून बघा. उभी लाल रेघ किंवा 'आरएक्स' ही खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. या लाल रेघेबद्दल केंद्र सरकारने २०१६ मध्ये खास मोहीमही सुरू केली होती.

मेडिकलवर काय काय मिळतं आणि त्याचा किती उपयोग?

पॅरासिटामॉल

घशाचं दुखणं आणि ताप या दोन्हींवर पहिला पर्याय हाच. क्रोसिन, डोलो, कालपोल ही याच औषधाची वेगवेगळी नावं. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी आणि पुढची गोळी गरज असेल तरच सहा तासांनी. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. रोज दारू पिणारे, वजन खूप कमी असलेले किंवा यकृताचा आजार असलेले लोक यांची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. सर्दीच्या बहुतेक 'कॉम्बिनेशन' गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. तापासाठी एक आणि सर्दीसाठी दुसरी गोळी घेतली की नकळत दुप्पट डोस जातो. म्हणून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा, "यात पॅरासिटामॉल आहे का?"

आयबुप्रोफेन आणि इतर पेनकिलर

आयबुप्रोफेनमुळे घशाची सूज आणि दुखणं चांगलं कमी होतं. पण अल्सर, किडनीचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं किंवा गरोदरपण यात ते धोक्याचं ठरू शकतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ असते. तापाचं निदान झालेलं नसताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंग्यूच्या दिवसांत तापावर फक्त पॅरासिटामॉल. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

चघळायच्या गोळ्या

यात तीन प्रकार आहेत आणि काउंटरवरच्या बरणीत ते शेजारी शेजारी असतात.

पहिला प्रकार जंतुनाशक गोळ्यांचा. स्ट्रेप्सिल्स, कॉफसिल्ससारख्या गोळ्यांमध्ये अमाइलमेटाक्रेसॉल आणि डायक्लोरोबेन्झाइल अल्कोहोल हे घटक असतात. त्यांनी घशाचं दुखणं थोडं कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र त्यांच्यामुळे संसर्ग बरा होत नाही.

दुसरा प्रकार मेन्थॉल, निलगिरी, आलं, ज्येष्ठमध घातलेल्या गोळ्यांचा. थंडावा वाटतो, लाळ सुटते आणि घसा ओला राहतो. तेवढ्यानेही बरं वाटतं.

तिसरा प्रकार मेन्थॉलच्या साध्या चॉकलेटी गोळ्यांचा. त्या औषध नाहीत, पण लाळ सुटण्याचा फायदा त्यांनीही होतो. त्यामुळे महागडी गोळी परवडत नसेल तर हळहळू नका.

गोळी चावू नका, हळूहळू विरघळू द्या. दिवसाला किती घ्यायच्या ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, गोळी श्वासनलिकेत अडकू शकते. मधुमेह असेल तर शुगर-फ्री मागा, कारण बहुतेक गोळ्या मुख्यतः साखरेच्याच असतात.

औषधी गुळण्या

बेन्झिडामाइन (टँटम) हे घसा बधिर करून सूज कमी करणारं औषध आहे. गिळताना खूप दुखत असेल तर जेवणाआधी त्याच्या गुळण्या केल्याने दोन घास सुखाने जातात. लगेचच जिभेला बधिरपणा येतो, घाबरू नका.

पोव्हिडोन आयोडीनच्या (बीटाडीन) गुळण्या अनेकांच्या सवयीच्या आहेत. बाटलीवर सांगितलंय तेवढं पाणी घालूनच वापरा आणि गिळू नका. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. लहान मुलांनाही देऊ नका.

कफ सिरप

घसा दुखत असेल तर कफ सिरपचा उपयोग जवळपास नाही. त्यातल्या काही औषधांनी झोप येते. ते घेऊन ट्रॅक्टर किंवा दुचाकी चालवणं धोक्याचं.

घरचे उपाय: आजीचं कुठे बरोबर आहे?

मिठाच्या गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. दिवसातून तीन-चार वेळा. सूज आणि खवखव कमी वाटते आणि खर्च जवळपास शून्य. ज्या लहान मुलांना गुळणी थुंकता येत नाही, त्यांना नको.

मध: खोकल्यासोबतची खवखव मधाने कमी होते, याला अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका. त्यातून 'बॉट्युलिझम' हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

हळदीचं दूध, आल्याचा चहा, सूप: कोमट पातळ पदार्थांनी घसा ओला राहतो आणि पोटात पाणी जातं. घशाच्या आजारात ही मोठी गोष्ट आहे. पण हळदीच्या दुधाने संसर्ग मरतो, याला भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर जरूर घ्या. ते घेतलं म्हणून डॉक्टरांकडे जाणं मात्र लांबवू नका.

ज्येष्ठमध: काडी चघळल्यावर घसा मऊ पडतो. ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घातल्यामुळे होणाऱ्या दुखण्यावर ज्येष्ठमधाच्या गुळण्यांचा फायदा दिसला आहे. पण रोज आणि जास्त खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लांबच राहावं.

हिरडा: हा तर इथलाच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात बाळहिरडा गोळा करणं हा आदिवासी कुटुंबांच्या कमाईचा मोठा आधार आहे. वाळलेल्या हिरड्याचा तुकडा दाढेत धरून रस गिळायची पद्धत जुनी आहे. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट घटक भरपूर असतात. त्यामुळे घशाचा आतला थर आवळल्यासारखा होतो आणि खवखव कमी वाटते. मात्र तो संसर्गावरचा इलाज आहे असं सिद्ध झालेलं नाही. जास्त घेतला तर जुलाब होतात आणि गरोदरपणात तो टाळायला सांगतात.

वाफ: चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, घशाला मात्र विशेष फायदा नाही. गरम पाण्याचं पातेलं सांडून मुलं भाजण्याचा धोका असतो. म्हणून मुलांना वाफ देऊ नका.

"एक अ‍ॅझिथ्रोमायसिन द्या," हे का नको?

अ‍ॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन ही शेड्यूल एच औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब काय सांगतो ते पाहा. घसादुखीवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या कोक्रेन आढाव्यानुसार, अँटिबायोटिक न घेतलेल्या १० पैकी साधारण ४ जणांचा घसा तीन दिवसांत बरा झाला आणि ८ पेक्षा जास्त जणांचा आठवडाभरात. अँटिबायोटिकमुळे दुखणं सरासरी फक्त १६ तासांनी लवकर थांबलं.

त्या १६ तासांसाठी जुलाब, पुरळ, अ‍ॅलर्जी यांचा धोका पत्करावा लागतो. दोन-तीन गोळ्या खाऊन 'बरं वाटलं' म्हणून बंद केलं की उरलेले चिवट बॅक्टेरिया वाढतात. पुढे खरंच न्यूमोनिया झाला, तर तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही.

स्टेरॉइडचंही तसंच. 'एका गोळीत घसा मोकळा' असा अनुभव कुणी सांगत असेल, तर ती गोळी स्टेरॉइडची असू शकते. त्यामुळे साखर आणि रक्तदाब वाढतात आणि आजाराची लक्षणं झाकली जातात.

मग अँटिबायोटिक कधी लागतं?

स्ट्रेपचा संसर्ग असेल तेव्हा. या भागाचा खरा मुद्दा इथेच आहे.

स्ट्रेपवर उपचार झाला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप, म्हणजे 'रुमॅटिक फीव्हर' येतो. घसा तोवर बरा झालेला असतो. मग गुडघे, घोटे, कोपरं एकामागून एक सुजतात, धाप लागते किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली होतात. यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. अनेक मुलींना हे कळतं ते थेट बाळंतपणात धाप लागते तेव्हा.

दाटीवाटीने राहणाऱ्या घरांमध्ये स्ट्रेप लवकर पसरतो. कारखान्याच्या हंगामात कोपीत राहणारी ऊसतोड कामगारांची मुलं, वसतिगृहात आणि आश्रमशाळेत राहणारी मुलं यांच्याकडे म्हणून जास्त लक्ष हवं.

दिलासा देणारी गोष्ट अशी की घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू केलं, तर रुमॅटिक फीव्हर टाळता येतो. पेनिसिलिन हे यावरचं जुनं, स्वस्त आणि आजही प्रभावी औषध आहे. गोळ्यांचा कोर्स साधारण १० दिवसांचा असतो आणि तो पूर्ण करावाच लागतो.

स्ट्रेपची शंका कधी घ्यायची? अचानक ताप, गिळताना खूप दुखणं, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर मेडिकलवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

लहान मुलांसाठी वेगळे नियम

- पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत.
- सिरप दोन ताकदींत मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. बाटली बदलली की डोसही बदलतो. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं मापच वापरा.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता लगेच दवाखाना.
- सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' हे भेसळयुक्त कफ सिरप घेतल्याने २० हून अधिक मुलं दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे किडनी निकामी करणारं विष सापडलं होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही सर्वसाधारणपणे ती नकोत.
- क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा पॅकिंगवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये दिले गेले.
- घटसर्पाची लस राहून गेलीय का, ते लसीकरण कार्डावर बघा. घशात राखाडी पडदा आणि मानेला सूज दिसली तर एक दिवसही थांबू नका.

हे दिसलं तर वाट बघू नका

लगेच रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा:

- लाळही गिळता येत नाही, तोंडातून गळतेय
- श्वास घेताना आवाज येतोय किंवा धाप लागलीय
- तोंड पूर्ण उघडत नाही, आवाज तोंडात काही धरल्यासारखा येतोय
- मान आखडलीय, माणूस गुंगीत आहे
- लघवी खूप कमी झालीय

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा:

- तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, किंवा आठवडा झाला तरी घसा तसाच
- एकाच बाजूला जास्त दुखतंय
- थायरॉइडसाठी कार्बिमाझोल, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा कॅन्सरचे उपचार चालू असताना घसा दुखतोय. या औषधांमुळे पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्त तपासणी लागते. अशा वेळी त्याच दिवशी दाखवलेलं बरं.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, गिळताना अडकत असेल किंवा मानेत गाठ असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू, बिडी आणि मशेरी वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

मेडिकल दूर असेल तर घरात काय ठेवायचं?

भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या वाड्यांतून पावसाळ्यात बाजारगावी जायचं म्हणजे एसटीच्या वेळेवर सगळं अवलंबून. अशा घरात एका डब्यात एवढं असू द्या: पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप, लहान मूल असेल तर त्याच्या वजनाचा डोस लिहून ठेवलेलं सिरप, थर्मामीटर, चघळायच्या गोळ्यांचं एक पाकीट, ओआरएस. मीठ आणि मध स्वयंपाकघरात असतंच. एक्स्पायरी तारीख दर सहा महिन्यांनी बघा. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक या डब्यात ठेवू नका.

गावातल्या आशाताईंच्या किटमध्येही पॅरासिटामॉल असतं. सरकारी आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे आणि ई-संजीवनीवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. प्रत्यक्ष तपासणीसाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं आणि मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आहे.

आता पुढच्या वेळी मेडिकलवर गेल्यावर 'काहीतरी द्या' म्हणण्याऐवजी तीन गोष्टी सांगा: वय किती, ताप आहे का आणि आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि मिळालेली स्ट्रिप खिशात टाकण्याआधी एकदा उलटून बघा. लाल रेघ दिसली तर आधी डॉक्टर, मग औषध.

(ही माहिती सर्वसाधारण वाचकांसाठी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याला ती पर्याय नाही.)